विषाणूचं कवच कोण उतरवतं?

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरचं नाव एकाएकी देशभर झालं. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो तिथल्या पोल्ट्री फार्मांमध्ये. ऑगस्ट २०२२ मध्ये रावेर तालुक्यातल्या चिनावलला गुरांच्या अंगावर गाठी दिसल्या आणि त्या साथीतली लंपीची राज्यातली पहिली नोंद तिथे झाली. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात तर मृगबागेतल्या कोवळ्या पानांवर पिवळे पट्टे उमटले की शेतकरी पान हातात घेऊनच सांगतो, ‘सीएमव्ही आहे,’ म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस.

कोंबडी, गाय आणि केळी. तिन्हीकडे रोग विषाणूचाच. बातम्यांत विषाणू ‘शिरला’ आणि ‘वाढला’ एवढंच येतं. या दोन क्रियापदांच्या मधे एक पायरी असते आणि सगळा खेळ तिच्यावर ठरतो. ती म्हणजे पेशीत शिरलेल्या विषाणूच्या अंगावरचं कवच उतरणं. ते उतरलं नाही तर विषाणू पेशीत असूनही नसल्यासारखा. चुकीच्या जागी उतरलं तर तो तिथेच संपला.

## कवच म्हणजे नेमकं काय

विषाणूत जेमतेम दोन वस्तू असतात. आत आरएनए किंवा डीएनएचा धागा असतो, त्यावर ‘माझ्यासारखे आणखी कसे बनवायचे’ याची कृती लिहिलेली असते. त्या धाग्याभोवती असतं प्रथिनांचं कवच. काही विषाणूंना त्याही बाहेरून चरबीचा एक पापुद्रा असतो, त्याला आपण ‘आवरण’ म्हणू. बर्ड फ्लू, लंपी, कोरोना, एचआयव्ही हे आवरणवाले. पोलिओ, गुरांचा लाळ्या-खुरकूत आणि केळीचा सीएमव्ही हे बिनआवरणाचे, नुसत्या कवचाचे.

आकाराचा अंदाज हवा असेल तर शाळेतली पट्टी आठवा. तिच्यावरच्या दोन लगतच्या बारीक रेघांत एक मिलिमीटरचं अंतर असतं. तेवढ्या जागेत फ्लूचे साधारण १०,००० कण एका ओळीत बसतात. सीएमव्हीचे तर त्याच्या तिप्पट.

कवच एकसारख्या विटांचं असतं. पोलिओच्या कवचात चार प्रकारची प्रथिनं, प्रत्येकाचे ६० नग. असं का, तर पोलिओचा धागा साडेसात हजार अक्षरांचाच आहे. इतक्या छोट्या कागदावर शेकडो तऱ्हेच्या विटांचे साचे लिहायला जागाच नाही. म्हणून मोजकेच साचे आणि त्याच विटा पुन्हा पुन्हा.

या कवचाला तीन कामं असतात. बाहेर धाग्याची राखण करायची, योग्य पेशीला चिकटायचं आणि योग्य जागी उघडायचं. पहिली दोन सगळ्यांना ठाऊक असतात. तिसऱ्याला विज्ञानात ‘अनकोटिंग’ म्हणतात, आपण कवच उतरणं म्हणू.

## बाहेर फुटू नये, आत अडू नये

खरं कोडं इथे आहे. विषाणूचे नवे कण एका पेशीत तयार होतात, बाहेर पडतात आणि दुसऱ्या पेशीत शिरून उघडतात. दोन्ही पेशी एकाच जातीच्या. मग जे कवच पहिल्या पेशीत नीट जुळून येतं, तेच दुसऱ्या पेशीत सुटून कसं येतं?

भरिताचं वांगं कच्चं असताना सोलून पाहा. साल गराला धरून बसते, सुरीने काढली तर गरासकट निघते. तेच वांगं पऱ्हाटीच्या जाळावर खरपूस भाजलं की साल बोटाने सुटते. वांगं तेच, साल तीच, फक्त मधे आच लागली. विषाणूच्या कवचालाही अशी मधली काहीतरी ‘आच’ लागते.

पण वांग्याची उपमा इथवरच नेता येते. वांग्याची साल जळते म्हणून सुटते. विषाणूचं कवच सुटण्यासाठीच तसं बांधलेलं असतं. ते जास्त जुळतं उंदराच्या सापळ्याशी. सापळ्याची स्प्रिंग आधी ताणून खटक्याला अडकवतात. ताणायला जोर लागतो, सुटायला नुसता धक्का पुरतो. कण बनत असताना, बाहेर पडताना किंवा पडल्यावर त्याच्या प्रथिनांना ठरावीक जागी काप बसतात, घड्या पक्क्या होतात आणि स्प्रिंग ताणली जाते. म्हणून दुसऱ्या पेशीत पोचलेला कण पहिल्या पेशीत जुळत असलेल्या कणासारखा राहिलेला नसतो.

आणि खटका विषाणू स्वतः दाबत नाही. त्याच्याकडे ती ताकदच नाही. तो खात नाही, श्वास घेत नाही, हलायला लागणारं इंधन त्याच्याकडे नसतं. खटका दाबते ती पेशी, तिच्या रोजच्या कामाच्या ओघात. कुठे पेशीतलं आम्ल, कुठे पेशीच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाचा स्पर्श, कुठे कॅल्शियमची घट, कुठे ओझी ओढणाऱ्या प्रथिनांचा हिसका. लाखो पिढ्यांच्या चाळणीतून तेच विषाणू उरले ज्यांचा खटका नेमका अशा नेहमीच्या खुणेवर बसतो. शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तर हेच: कवच पेशी उतरवते. पुढची तीन उदाहरणं खान्देशाने पाहिलेल्या तीन रोगांची आहेत.

## नवापूरचा विषाणू आणि आंबट होत जाणारी पिशवी

फ्लूच्या कणावर बाहेर चरबीचं आवरण असतं. त्यातून हिमॅग्लुटिनिन नावाच्या प्रथिनाचे काटे वर आलेले असतात. आवरणाखाली एम-१ नावाच्या प्रथिनाचं अस्तर असतं आणि त्याच्या आत आरएनएचे आठ वेगवेगळे तुकडे, प्रत्येक प्रथिनांत गुंडाळलेला.

काटा पेशीवरच्या एका साखरेला चिकटतो. पेशी बाहेरच्या वस्तू नेहमीच छोट्या पिशवीत घेऊन आत ओढत असते, तसाच हा कणही आत जातो. या पिशवीला एंडोसोम म्हणतात. पिशवी आत सरकत असताना पेशीचे पंप तिच्यात आम्ल भरत जातात. आत आलेला माल पचवायला पेशीला ते लागतंच.

आम्लता पीएच या आकड्यात मोजतात. शुद्ध पाणी ७. आकडा एकाने उतरला की आम्लता दहापट. दूध साधारण ६.६, दही ४.५ च्या आसपास. एंडोसोम ७.४ जवळून सुरू होतो, ६ वर येतो आणि खोल गेल्यावर ५.५ ते ५. दुधाच्या अलीकडून निघून दह्याच्या वाटेला लागल्यासारखं. आणि आम्ल वाढलं की दुधातली प्रथिनं जशी रूप बदलून एकमेकांना धरतात, त्याच कारणाने विषाणूची प्रथिनंही रूप बदलतात. आम्लाने प्रथिनावरचे विद्युतभार पालटतात आणि जुनी घडी टिकत नाही.

आवरणात एम-२ नावाच्या चार प्रथिनांची मिळून एक बारीक नळी असते. बाहेर आंबटपणा वाढला की ती उघडते आणि आम्ल कणाच्या आत झिरपतं. त्याने एम-१ च्या अस्तराची आतल्या आठ तुकड्यांवरची पकड ढिली होते. दार उघडायच्या आधीच सामान बांधून तयार झालं म्हणायचं. पीएच ५.५ च्या आसपास आला की बाहेरच्या काट्यांची स्प्रिंग सुटते. काटा सरळ उभा राहतो, त्याचं टोक पिशवीच्या भिंतीत रुततं, मग तो मधोमध दुमडतो आणि विषाणूचं आवरण व पिशवीची भिंत जवळ ओढून एकजीव करतो. एका काट्याच्या जोराने हे होत नाही, शेजारशेजारचे निदान तीन-चार काटे एकत्र सुटावे लागतात.

भोक पडलं तरी अस्तर अजून पुरतं फुटलेलं नसतं. पुढचा शोध मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटतो. २०१४ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी दाखवलं की हा विषाणू स्वतःच्या पोटात युबिक्विटिन नावाच्या प्रथिनाच्या सुट्या साखळ्या बाळगतो. युबिक्विटिन म्हणजे पेशी आपल्या टाकाऊ प्रथिनांवर लावते ती ‘हा कचरा आहे’ अशी चिठ्ठी. पेशीत एचडॅक-६ नावाचं प्रथिन ही चिठ्ठी ओळखतं आणि कचऱ्याच्या गोळ्याला ओढणाऱ्या प्रथिनांशी जोडून देतं. फ्लूचं अस्तर उघडं पडताच एचडॅक-६ त्याला कचरा समजून धरतं. मग पेशीच्या दोन तऱ्हेच्या वाहक प्रथिनांचा जोर त्यावर पडतो, जणू एकाच गाडीला दोन दिशांनी बैल जुंपले, आणि त्या ताणात अस्तर फाटतं. आठही तुकडे मोकळे होऊन पेशीच्या केंद्रकात जातात. पेशीला चिकटण्यापासून इथवर साधारण तासाभराचा मामला.

यात चुका पुष्कळ होतात. खटका लवकर सुटला तर काटे रिकाम्या जागेत दुमडतात, आणि एकदा सुटलेली स्प्रिंग पुन्हा ताणता येत नाही. उशीर झाला तर पिशवी पेशीच्या पचनकोठारात रिकामी होते आणि कणाचे तुकडे होतात. म्हणूनच अनेक विषाणूंमध्ये शेकडा कणांतून एखाद-दुसराच कामाला लागतो.

बर्ड फ्लूची दोन वैशिष्ट्यंही या यंत्रणेतूनच कळतात. काट्याच्या प्रथिनावर आधी एक काप बसावा लागतो, तेव्हाच स्प्रिंग ताणली जाते. साध्या फ्लूच्या काट्याला हा काप देणारी विकरं, म्हणजे रासायनिक कामं उरकणारी प्रथिनं, पक्ष्यांत श्वासनलिका आणि आतड्यातच मिळतात. नवापूरला आलेल्या एच-५-एन-१ च्या काट्यावरची कापाची जागा अशी आहे की शरीरातल्या जवळपास कुठल्याही पेशीतलं विकर तिथे काप देऊ शकतं. मग मेंदू, यकृत, हृदय सगळीकडचे कण ताणलेल्या स्प्रिंगचे निघतात आणि सकाळी दाणे खाणारी कोंबडी एक-दोन दिवसांत मरून पडते.

दुसरं वैशिष्ट्य माणसाशी निगडित. पक्ष्यांतल्या एच-५-एन-१ चा खटका तुलनेने कमी आम्लातच सुटतो. माणसाच्या नाकातला ओलावा किंचित आम्लधर्मी असतो आणि हवेत उडालेला थेंब सुकत जातो. अशा ठिकाणी हळवा खटका आधीच सुटून जातो. २०१२ मध्ये फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यावरच्या प्रयोगांत दिसलं की हवेतून पसरायला या विषाणूला जे मोजके बदल लागले, त्यांत काटा जास्त टणक करणारा एक बदल होता. म्हणून नव्या साथीतला नमुना आला की काटा किती पीएचला सुटतो हेही शास्त्रज्ञ तपासतात.

## लंपीचा विषाणू आधी बाहेरून सुटतो, मग आतून

लंपीचा विषाणू देवीच्या कुळातला. विटेच्या आकाराचा, फ्लूच्या तिप्पट लांब, आणि धाग्यावर सुमारे दीड लाख अक्षरजोड्या. एवढा मोठा संसार असल्याने तो बरंच सामान सोबत आणतो.

या कुळात कवच दोन टप्प्यांत उतरतं. पेशीत शिरताना बाहेरची आवरणं सुटतात आणि आतला घट्ट गाभा पेशीच्या पोटात येतो. गाभा बंदच असतो. तरी त्याच्या आत विषाणूची स्वतःची विकरं लगेच कामाला लागतात, धाग्यावरच्या काही कृतींच्या नकला काढतात आणि त्या बाहेर ढकलतात. पेशी त्या नकला वाचून प्रथिनं बनवते. त्यांतलीच काही परत येऊन गाभा फोडतात. भिजत घातलेल्या हरभऱ्याचं टरफल जसं आतल्या कोंबाने फुटतं, तसं.

याचा पुरावा सरळ आहे. याच कुळातल्या व्हॅक्सिनिया विषाणूच्या प्रयोगात पेशीचं प्रथिन बनवणं औषधाने थांबवलं, तर गाभे न फुटता पेशीत तसेच पडून राहतात. म्हणजे दुसरं कवच उतरायला ताजी प्रथिनं लागतात, आणि तीही पेशीच बनवते.

मग गाभा बंद ठेवून काम करायचा खटाटोप का? कारण उघडा डीएनए पेशीच्या पोटात दिसणं म्हणजे चोर सापडणं. पेशीचा डीएनए केंद्रकात असतो, बाहेर दिसला की पहारेकरी प्रथिनं ओरडा करतात. तयारी होईपर्यंत झाकून राहणं विषाणूच्या फायद्याचं.

असं मजबूत बांधकाम बाहेरही टिकतं. लंपीच्या गाठींवरच्या वाळलेल्या खपल्यांत हा विषाणू महिनाभरही तग धरू शकतो. गोठा झाडून खपल्या उकिरड्यावर टाकल्या तर रोग तिथेच राहतो. त्या गोळा करून जाळायच्या किंवा चुना टाकून खोल पुरायच्या. चावणाऱ्या माश्या, डास, गोचिडांचा बंदोबस्त तर हवाच.

## केळीत कवच कोण काढतं

वनस्पतीच्या पेशीभोवती जाड भिंत असते. तिथे पिशवीतून आत ओढून घेण्याची सोय विषाणूला नाही. कुणीतरी भोक पाडावं लागतं, आणि सीएमव्हीसाठी ते काम मावा करतो. मावा सोंड खुपसून रस चाखतो, तेवढ्यात सोंडेला चिकटलेले कण थेट पेशीत उतरतात.

आत कवच कसं निघतं, याचा सर्वांत बारकाईने झालेला अभ्यास तंबाखूच्या मोझॅक विषाणूचा आहे. तो कणसासारखा लांबट, ३०० नॅनोमीटर लांब आणि १८ जाड, अंगावर एकाच प्रथिनाचे सुमारे २,१३० दाणे मळसूत्री रचलेले. आत आरएनएचा धागा. पेशीत कॅल्शियम बाहेरच्या मानाने फार कमी असतं. त्याने कणसाच्या एका टोकाचे दाणे ढिले होतात आणि धाग्याचं टोक उघडं पडतं. पेशीत रायबोसोम असतात, म्हणजे धागा वाचून प्रथिनं बनवणारी यंत्रं. असं एक यंत्र त्या टोकावर बसतं आणि वाचत पुढे सरकतं. सरकताना वाटेतले दाणे एकेक करून पडत जातात. मका सोलायच्या यंत्रात कणीस पुढे जावं आणि दाणे खाली पडावेत, तसं. फक्त इथे यंत्र दाणे काढायला आलेलं नसतं, ते आपलं वाचायचं काम करत असतं.

१९८६ मध्ये अमेरिकेत रॉजर बीची आणि सहकाऱ्यांनी तंबाखूच्या झाडात याच विषाणूच्या कवचाचं जनुक घातलं. झाड स्वतःच कवचाचे दाणे बनवू लागलं. त्या झाडांना विषाणूची लागण खूप कमी झाली. पण कवच काढून नुसता आरएनए चोळला, तर झाडं बहुतांशी पहिल्यासारखीच आजारी पडली. अडथळा कवच उतरण्याच्या पायरीवरच होता, हे त्यावरून सिद्ध झालं. पेशीत सुटे दाणे मुबलक असले की उघडं पडलेलं टोक पुन्हा झाकलं जातं.

सीएमव्हीचा कण याहून वेगळा, १८० प्रथिनांचा छोटा गोल. त्याचा धागा तीन मुख्य तुकड्यांत असतो आणि ते वेगवेगळ्या कणांत भरलेले असतात. पूर्ण लागण व्हायला तिन्ही तुकडे एकाच पेशीत उघडावे लागतात.

बागेत यातलं काय कामाचं? कवच माव्याच्या सोंडेला चिकटायला काही सेकंद ते मिनिटभर पुरतं, आणि पुढच्या झाडात सुटायलाही तेवढंच. मावा फवारणीने मरतो, पण मरायच्या आधी एक सोंड खुपसायला त्याला वेळ मिळतोच. म्हणून फवारणीवर खर्च करूनही सीएमव्ही पसरलेला दिसतो. उपयोग होतो तो विषाणूचं घर काढल्याने. पिवळे पट्टे दिसलेलं झाड कंदासकट उपटून बागेबाहेर पुरा. केळीत काकडी, भोपळा, टरबूज, मिरची, टोमॅटो ही आंतरपिकं घेऊ नका. हा विषाणू हजारावर जातींच्या वनस्पतींवर जगतो, त्यामुळे बांधावरचं तणही काढा. टिश्यूची रोपं विषाणू-तपासणी झालेलीच घ्या.

## शंका: पोटातल्या आम्लाने तो बाहेरच का उघडत नाही?

फ्लूचा उघडतो, आणि मरतोही. जठराचा पीएच दोनच्या आसपास असतो. तिथे फ्लूचे काटे सुटून वाया जातात.

पोलिओ मात्र तोंडावाटेच येतो. त्याचा खटका आम्लाचा नाही, स्पर्शाचा आहे. आम्लातून तो सहीसलामत आतड्यापर्यंत पोचतो. तिथे पेशीवरचं ठरावीक प्रथिन ३७ अंशांच्या तापमानात त्याला चिकटलं की कवच थोडं फुगतं, आतली काही प्रथिनं बाहेर येऊन पेशीच्या पडद्यात शिरतात आणि आरएनए बाहेर पडतो. रिकामं टरफल तसंच राहतं. जी खूण रस्त्यातही भेटते तिच्यावर खटका ठेवून कुठल्याच विषाणूचं चालत नाही.

## शंका: साबणाने कवच निघतं म्हणतात, मग धागा मोकळा सुटून धोका वाढत नाही का?

साबण चरबी विरघळवतो, म्हणून आवरणवाल्या विषाणूंचं आवरण फाटतं. काटे आवरणावरच रोवलेले असल्यामुळे आवरण गेलं की पेशीला चिकटायला काही उरत नाही. राहिलेला आरएनए आपल्या कातडीवर, घामात, धुळीत असलेल्या विकरांमुळे लवकरच तुटतो. कवच उतरवण्याचं काम तेच, फक्त जागा चुकीची.

बिनआवरणाच्या विषाणूवर साबणाची ही मात्रा चालत नाही. लाळ्या-खुरकूतच्या विषाणूला चरबीच नाही. पण त्याचं कवच आम्लाला अतिशय हळवं आहे, पीएच ६.५ च्या खाली गेला की त्याचे बारा तुकडे होतात. फार आम्लारी पाण्यातही ते टिकत नाही. म्हणूनच लाळ्या-खुरकूत आलेल्या गोठ्यात चार टक्के धुण्याच्या सोड्याचं पाणी सांगतात, म्हणजे दहा लिटर पाण्यात चारशे ग्रॅम. आधी शेण, चारा खरवडून काढा. शेणाखाली दडलेल्या कणापर्यंत सोडा पोचत नाही.

## शंका: मग खाण्याचा सोडा पिऊन पेशीतलं आम्ल कमी करता येईल का?

नाही. एंडोसोममधलं आम्ल पोटातून येत नाही, पिशवीच्या भिंतीतले पंप ते भरतात. रक्ताचा पीएच शरीर ७.३५ ते ७.४५ च्या मधे राखतं. सोडा जास्त प्यायल्याने क्षारांचं संतुलन बिघडतं, पिशवीला पत्ताही लागत नाही.

क्लोरोक्विन आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ही औषधं पिशवीत साठून तिथलं आम्ल खरंच कमी करतात. म्हणून २०२० मध्ये कोरोनासाठी त्यांच्यावर आशा होती आणि प्रयोगशाळेतल्या माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर ती चाललीही. पण माणसाच्या श्वसनमार्गातल्या पेशींच्या पृष्ठभागावर कोरोनाच्या काट्याला काप देणारं विकर असतं. तिथे विषाणू पिशवीत न जाता दारातूनच शिरतो, आम्लाची गरजच पडत नाही. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत दवाखान्यात दाखल रुग्णांना हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचा फायदा दिसला नाही. एकाच विषाणूला कवच उतरवायच्या दोन वाटा असू शकतात, आणि एक बंद केल्याने काम होत नाही.

## कवच अडवणारी औषधं

अमँटाडीन हे औषध फ्लूसाठी अमेरिकेत १९६६ मध्ये मंजूर झालं. ते एम-२ च्या नळीत बूच बसवल्यासारखं अडकतं. आम्ल आत जात नाही, अस्तर ढिलं होत नाही. पुढे विषाणूच्या नळीत एका ठिकाणी एक अमिनो आम्ल बदललं आणि बूच बसेनासं झालं. नळीचं काम मात्र चालूच राहिलं. २००६ च्या जानेवारीत अमेरिकेने फ्लूसाठी ते वापरू नका असं सांगितलं. आज ते मुख्यतः पार्किन्सनच्या रुग्णांना देतात. फ्लूवर दिलं जाणारं ओसेल्टामिविर शेवटच्या पायरीवर, नवे कण पेशीतून सुटताना काम करतं.

एचआयव्हीची गोष्ट उलटी आहे. त्याचं कवच सुमारे दीड हजार प्रथिनांचा शंकू आहे. हा शंकू पेशीत शिरताच फुटतो असं पाठ्यपुस्तकं सांगत. २०२०-२१ च्या संशोधनाने दाखवलं की तो जवळपास अखंडच केंद्रकाच्या दारातून आत जातो आणि तिथे फुटतो. म्हणजे या विषाणूला कवच वेळेआधी उतरणंही घातक. २००४ मध्ये रीसस माकडाच्या पेशीत असंच एक प्रथिन सापडलं, जे एचआयव्हीचा शंकू लवकर फोडून लागण रोखतं. रीसस म्हणजे आपलं लाल तोंडाचं माकड.

लेनाकापावीर हे औषध या शंकूच्या प्रथिनांमधल्या फटीत बसतं आणि त्याला न धड टिकू देतं, न धड वेळेवर उघडू. २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत हे इंजेक्शन घेणाऱ्या २,१३४ मुली व स्त्रियांपैकी एकीलाही लागण झाली नाही. वर्षातून दोन टोचण्या. जून २०२५ मध्ये अमेरिकेने प्रतिबंधासाठी ते मंजूर केलं, आणि भारतातल्या काही कंपन्यांना त्याची जेनेरिक आवृत्ती बनवायचा परवाना मिळाला आहे.

## लशीच्या बाटलीतलं कवच

कोविशील्ड घेतलेल्या प्रत्येकाच्या दंडात हीच क्रिया मुद्दाम घडवून आणली होती. त्या लशीच्या अर्ध्या मिलिलिटरमध्ये चिंपांझीच्या ॲडिनोव्हायरसचे सुमारे ५,००० कोटी कण असत. त्यांची वाढ होऊ नये असा बदल केलेला, आणि धाग्यात कोरोनाच्या काट्याची कृती घातलेली. ॲडिनोव्हायरसचं कवच टप्प्याटप्प्याने सुटतं: आधी पेशीला चिकटणारे दांडे गळतात, मग कोपरे, मग आतलं एक प्रथिन पिशवी फाडतं, उरलेलं कवच केंद्रकाच्या दारापाशी जाऊन थांबतं आणि तिथे पेशीची ओढणारी प्रथिनंच त्याचे तुकडे करून डीएनए आत सोडतात.

लाळ्या-खुरकूतच्या लशीत याच्या नेमकं उलट हवं असतं. तिच्यातला विषाणू मारलेला असतो, त्याने पेशीत जाऊन उघडायचं नसतंच. पण गुराच्या शरीराला ओळख पटते ती अखंड कवचाची. कवचाचे बारा तुकडे झाले तर प्रथिन तितकंच राहतं, प्रतिकारशक्ती मात्र फारच थोडी येते. हे कवच उष्णतेलाही हळवं आहे. म्हणून लस २ ते ८ अंशांत ठेवायची, आणि गोठूही द्यायची नाही, कारण गोठल्याने तिच्यातलं तेल-पाण्याचं मिश्रण फुटतं. जळगावच्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. बर्फाच्या पेटीबाहेर, गाडीच्या डिकीत दुपारभर राहिलेली बाटली दिसायला तशीच दिसते, रंग बदलत नाही, वास येत नाही. डॉक्टर गोठ्यावर आले की पेटीत बर्फ आहे का, आणि बाटली बर्फाला थेट टेकलेली तर नाही ना, एवढं विचारून घ्या.